पपईला फुलं भरपूर, फळ एकही नाही. खिळा ठोकू का?

खोडात खिळा ठोकला की पपईला फळ धरतं, असं म्हणतात. पण खिळा नको. परसातल्या पपईला लांब देठांवर फुलांचे झुबके लोंबतात आणि सगळे गळून जातात, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्यावरूनच सांगतो, झाड नर आहे.

खात्री करायची तर एक ताजं फूल उभं चिरा. बारीक नळी, तोंडाशी 10 पिवळे पुंकेसर आणि मधोमध नुसतीच टोकदार काडी दिसली, की नर. मादी फूल असं लोंबत नाही. ते खोडालगत, पानाच्या बेचक्यात आखूड देठावर बसतं. कळी चांगली जाडजूड असते. पाकळ्या सोलल्या की आत इवलीशी पपईच दिसते, डोक्यावर पाच फाट्यांचा तुरा घेऊन. तिसरा प्रकार उभयलिंगी, म्हणजे दोन्ही एकाच फुलात. बाजारातली लांबट पपई त्या झाडाची, गोल गरगरीत ती मादीची.

लिंग बियातच ठरलेलं असतं, खतपाण्याने बदलत नाही. माणसासारखंच मादीची गुणसूत्रं एक्सएक्स, नराची एक्सवाय. उभयलिंगीचा वाय थोडा वेगळा. पण दोन वाय एकत्र आले तर ते बी जगत नाही. त्यामुळे उभयलिंगी झाडाचं स्वतःच्याच परागांनी धरलेलं बी लावलं, तर दोन उभयलिंगींमागे एक मादी निघते, नर एकही नाही. हे गणित 1938 साली हवाई बेटांवर स्टोरी आणि दक्षिण आफ्रिकेत हॉफमायर या शास्त्रज्ञांनी वेगवेगळं मांडलं. नराच्या परागांवर धरलेल्या मादीच्या फळात मात्र निम्मं बी नर. तुम्ही बहुतेक अशाच एखाद्या गोल पपईचं बी टाकलं असणार.

आता खिळा. हवा बदलली की नर झाडावर अधूनमधून उभयलिंगी फुलं येतात आणि त्या लांब देठांना लहान फळं लटकतात. आमच्याकडे अशी तीन लागली होती. आजोबांनी महिनाभर आधी खिळा ठोकला होता, मग काय, सगळं श्रेय खिळ्याला! पुढच्या वर्षी खिळा तिथेच होता, फळ नव्हतं.

आसपास कुणाकडे मादी झाड असेल तर तुमचं तोडू नका, त्यांना पराग मिळतील. नसेल तर खुशाल काढा. पुढच्या वेळी लांबट फळाचं बी घ्या, एका खड्ड्यात 3-4 रोपं लावा आणि पहिली फुलं दिसली की हवं ते एक ठेवून बाकीची उपटा.