समुद्रात पवनचक्क्या वाढल्या तर ग्रिड (विजेचं जाळं) टिकंल काय?

टिकतंय की, पण सोय आधी करायला पाहिजे. सौंदत्तीला यल्लम्माला जाताना डोंगरावरच्या पवनचक्क्या बघितल्या असतील, वारं पडलं की पाती थांबतात, समुद्रात वारं जरा एकसारखं असतंय पण खरी अडचण वेगळीच. थर्मल (कोळसा) किंवा हायड्रो (पाणी) केंद्रात जनित्राचा जड रोटर फिरत असतोय म्हणून एखादं केंद्र बंद पडलं तरी ग्रिडची फ्रिक्वेन्सी (सेकंदाला 50 आवर्तनं, म्हणजे 50 हर्ट्झ) एकदम ढासळत नाही, पवनचक्की इन्व्हर्टरमधून (वीज ग्रिडला जुळवून देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रातून) जोडलेली, तिचा तसला आधार आपोआप मिळत नाही. 9 ऑगस्ट 2019 ला इंग्लंडात लाईनवर वीज पडली, हॉर्नसीचं समुद्री पवनकेंद्र आणि एक गॅसचं केंद्र सोबतच ट्रिप झालं (आपोआप बंद पडलं), फ्रिक्वेन्सी 48.8 हर्ट्झवर, 10 लाखांवर ग्राहक अंधारात! म्हणून मोठ्या बॅटऱ्या आणि सिंक्रोनस कंडेन्सर (वीज न बनवता नुसता जड रोटर फिरवत ठेवणारी यंत्रं) पाहिजेतच. आपल्याकडं कर्नाटकातल्या शरावती नदीवरची हायड्रो वीज मिनिटांत वाढवता येतेय, तो लई मोठा आधार हाय.