कार्ड घेताना बारीक अक्षरं वाच

कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावर ठळक छापलेल्या सेकंदाला १७०-२०० एमबीच्या आकड्याला भुलू नकोस. तो बहुतेकदा वाचायचा वेग असतो. कॅमेऱ्याला महत्त्वाचा लिहायचा. त्यासाठी बारीक अक्षरातलं ‘व्ही ३०’ शोध, म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी सलग लिहिण्याची हमी. १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट) फोर-के व्हिडिओला सेकंदाला साडेबारा एमबीच लागतात, मग त्याहून वेगवान व्ही ९०वर पैसे कशाला घालवायचे? कॅमेरा जुना, फक्त एसडीएचसी (जुन्या प्रकारची एसडी कार्डं) चालणारा असेल, तर ३२ जीबीच्या वर जाऊ नकोस. लग्नाचं काम घेणार असशील तर एका १२८ जीबीऐवजी दोन ६४ जीबीची घेच, एक बिघडलं तरी सगळं जात नाही. आणि पक्कं बिल माग. नकली कार्डावर छापलेलं असतं १२८, आत जागा भलतीच कमी; भरत आलं की फोटो खराब व्हायला लागतात. म्हणून घरी आणल्यावर एकदा काठोकाठ भरून, फाइली उघडून बघ, मग कॅमेऱ्यातच फॉरमॅट कर.