मर-प्रतिकारक हरभरा तरीही का वाळतो? जनुक कुटुंबाच्या अभ्यासाबद्दल आलेले तीन प्रश्न

हरभऱ्यातील रोगप्रतिकारक जनुकांबद्दल शेतकरी बंधू-भगिनींचे तीन प्रश्न आले आहेत. पहिला: मर-प्रतिकारक, म्हणजे मर रोगाला दाद न देणारे, म्हणून घेतलेले बियाणे पेरले, तरी महिन्याभरात ठिकठिकाणी झाडे वाळली, मग प्रतिकारक कशाला म्हणायचे? दुसरा: शास्त्रज्ञ ‘जनुक कुटुंबा’चा अभ्यास करतात म्हणजे नेमके काय करतात, आणि त्यातून बियाणे कधी मिळणार? तिसरा: अशा अभ्यासासाठी आमच्या शेतातून मुळांचे नमुने मागितले आहेत, ते कसे द्यायचे? तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून उत्तरही एकत्रच देत आहे.

आधी वाळलेले झाड बघू. वाणाला दोष देण्यापूर्वी झाड उपटून नव्हे, कुदळीने खणून काढा. माती झटका आणि धारदार ब्लेडने जमिनीलगतच्या भागापासून सोटमूळ उभे चिरा. आत मधोमध, लाकडाच्या भागात तपकिरी-काळी रेघ दिसली, वरून मूळ शाबूत असले आणि पाने पिवळी न पडता हिरवीच माना टाकून लोंबत असली, तर ती मर. फ्युजेरियम बुरशी मुळातून शिरून पाणी वाहणाऱ्या नळ्यांमध्ये वाढते, त्यामुळे जमिनीत ओल असूनही शेंड्याला पाणी पोहोचत नाही.

चिरल्यावर आत रेघ नाही, पण सोटमूळ काळपट, कोरडे आणि वाकवताच कट्कन मोडणारे आहे, बारीक मुळे मातीतच राहून गेली आहेत, पाने गवतासारखी फिकट झाली आहेत, तर ती कोरडी मूळकूज. हा रोग बहुधा फुलोरा ते घाटे या काळात, तापमान ३० अंशांवर गेले आणि जमिनीत ओल कमी पडली की येतो. आणि पेरणीनंतर पहिल्या सहा आठवड्यांत रोप पिवळे पडून बुंध्याशी पांढरी बुरशी व मोहरीसारखे दाणे दिसले, तर ती मानकूज. मागच्या पिकाचे न कुजलेले अवशेष आणि पेरणीच्या वेळची जास्त ओल, हे तिचे मुख्य कारण.

तिन्ही बुरश्या वेगळ्या आहेत. पाकिटावरचा ‘मर-प्रतिकारक’ हा शब्द फक्त पहिल्या रोगापुरता खरा असतो. मूळकुजीने गेलेल्या झाडांसाठी मरीच्या जनुकांना जबाबदार धरता येत नाही. ‘वाण फसला’ अशी तक्रार करण्यापूर्वी शेताच्या वेगवेगळ्या भागांतली निदान दहा झाडे चिरून बघा. एका झाडावरून निदान करू नका.

दहापैकी बहुतेकांत रेघ निघाली, म्हणजे खरोखरच मर आहे, तरीही दोन शक्यता उरतात. एक म्हणजे बियाण्यातली भेसळ. वाळणारी झाडे उभ्या पिकाहून पानाच्या आकाराने, फुलाच्या रंगाने किंवा ठेवणीने वेगळी दिसतात का, ते पाहा. दुसरी शक्यता महत्त्वाची: बुरशीचा प्रकार. या फ्युजेरियमच्या आजवर आठ रेस, म्हणजे उपप्रकार, ओळखल्या गेल्या आहेत आणि त्या सगळीकडे सारख्या आढळत नाहीत. एका रेसला दाद न देणारा वाण दुसऱ्या रेसपुढे टिकेलच असे नाही.

रेस १ चेच उदाहरण घ्या. तिच्या प्रतिकारात तीन वेगवेगळी जनुके सापडली आहेत. त्यातले एकच जनुक असेल तर झाड वाचत नाही, फक्त उशिरा वाळते. कोणतीही दोन एकत्र आली तरच पूर्ण प्रतिकार मिळतो. जेजी ६२ या वाणात असे बळ नाही, म्हणून मरग्रस्त जमिनीत तो साधारण महिन्याभरात जमिनीवर येतो. एका देठावर दोन घाटे धरणारा हा वाण चाचणीच्या शेतात मुद्दाम ओळीआड पेरतात. तो मेला नाही, तर त्या जमिनीत पुरेशी बुरशीच नाही आणि शेजारच्या ओळीचा ‘प्रतिकार’ मोजण्यात अर्थ नाही, असे समजतात. के ८५० उशिरा वाळतो, आणि डब्ल्यूआर ३१५ टिकून राहतो. तुमच्या शेतात झाडे तीन-चार आठवड्यांत गेली की घाटे धरताना, ही तारीख लिहून ठेवा. लवकरची मर आणि उशिराची मर यांत जनुकांचा फरक असू शकतो, आणि नुकसान लवकरच्या मरीत जास्त होते.

आता जनुक कुटुंब. एका पणजोबांची जमीन वाटणीत विभागली जाते तसे समजा. एका जुन्या जनुकाच्या प्रती पिढ्यान्पिढ्या होत गेल्या. काही प्रती जागच्या जागी शेजारी शेजारी राहिल्या, काही दुसऱ्या गुणसूत्रावर गेल्या, काही मोडून निकामी झाल्या आणि काहींनी नवे काम धरले. अनुक्रमात सारखेपणा असलेल्या या सगळ्या भाऊबंदांना मिळून जनुक कुटुंब म्हणतात. रोगप्रतिकारात सर्वांत मोठे कुटुंब एनबीएस-एलआरआर नावाचे आहे. त्यातल्या प्रथिनाचा एक भाग (एलआरआर) रोगकारकाने पेशीत सोडलेला पदार्थ ओळखतो, दुसरा भाग (एनबीएस) बटणासारखा चालू होऊन पेशीला बचावाचा इशारा देतो. ओळखणारा भाग प्रत्येक भावात थोडा वेगळा असतो, म्हणूनच एक जनुक एका रेसला ओळखते आणि दुसरीला ओळखत नाही. शेजारी शेजारी असलेल्या प्रतींत पेशीविभाजनाच्या वेळी देवाणघेवाण चुकली की नवा भाऊ तयार होतो. बुरशी बदलते तसे झाडही बदलू शकते, त्याचे एक कारण हे.

हा अभ्यास शक्य झाला तो हरभऱ्याचा जनुकसंच वाचल्यामुळे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक-संशोधन संस्थेच्या नेतृत्वाखाली २०१३ मध्ये सीडीसी फ्रंटियर या काबुली वाणाच्या जनुकसंचाचा मसुदा प्रसिद्ध झाला: ८ गुणसूत्रे, डीएनएच्या सुमारे ७४ कोटी अक्षरांचा जनुकसंच आणि २८,२६९ जनुके. तुरीचा त्याच्या आधीच वाचला गेला होता, सोयाबीनचा २०१० मध्ये.

शास्त्रज्ञ या सगळ्या प्रथिनांच्या यादीत एनबीएस भागाचा ठसा संगणकावर शोधतात. शंभराहून जास्त नावे निघतात. मग एकाच जनुकाची दोनदा आलेली नोंद, अर्धवट तुकडे आणि निकामी प्रती वेगळ्या काढतात. हे चाळणे काळजीपूर्वक झाले नाही तर कुटुंबाचा आकार फुगतो आणि पुढचे सगळे हिशेब चुकतात. उरलेली जनुके कोणत्या गुणसूत्रावर, कोणाच्या शेजारी आहेत ते मांडतात, वंशवृक्ष काढतात, आणि शेवटी प्रतिकारक व बळी पडणाऱ्या वाणांच्या मुळांना बुरशी लावून ठरावीक तासांनी कोणते जनुक जागे होते ते मोजतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण बातम्यांत तीच हरवते. बुरशी लागल्यावर जनुक जागे झाले म्हणजे तेच झाड वाचवते, असे सिद्ध होत नाही. मरणाऱ्या झाडातही शेकडो जनुके जागी होतात. शिवाय एका वाणाच्या मसुद्यावरून काढलेली यादी त्याच वाणापुरती असते. ज्या जनुकामुळे डब्ल्यूआर ३१५ वाचतो, ते मसुद्यातल्या वाणात मुळात नसेल, तर यादीतही येणार नाही. कुटुंबाचा अभ्यास संशयितांची यादी देतो. निकाल लागतो तो संकर करून, त्यांची संतती मरग्रस्त शेतात तपासून.

म्हणून बियाणे येते ते थोड्या वेगळ्या वाटेने. मर प्रतिकाराचे अनेक पट्टे हरभऱ्याच्या एकाच सहलग्नता गटावर (एकत्र वारशाने जाणाऱ्या जनुकांचा गट), दुसऱ्या क्रमांकाच्या गटावर, जवळजवळ आहेत. त्यांच्या लगतचे मार्कर, म्हणजे ओळखखुणा, माहीत असल्या की नेमके जनुक सापडण्याची वाट पाहावी लागत नाही. अण्णिगेरी १ हा जुना, पसंतीचा वाण मरीला बळी पडायचा. रायचूरचे कृषी विज्ञान विद्यापीठ आणि इक्रिसॅट यांनी डब्ल्यूआर ३१५ शी त्याचा संकर केला आणि संतती पुन्हा पुन्हा अण्णिगेरीशीच जोडली, यालाच उलट संकर म्हणतात. प्रत्येक पिढीत मार्कर पाहून रेस ४ चा प्रतिकार असलेली रोपे ठेवली. त्यातून सुपर अण्णिगेरी १ हा वाण तयार झाला आणि २०१९ मध्ये लागवडीसाठी पुढे आला. पहिल्या उलट संकरानंतर मूळ वाणाचा सरासरी ७५ टक्के वाटा परत येतो, दुसऱ्यानंतर ८७.५, तिसऱ्यानंतर ९३.७५. वर्षाला एकच हंगाम धरला तर एवढ्यालाच चार-पाच वर्षे लागतात. प्रकाश-तापमान नियंत्रित खोल्यांत हरभऱ्याच्या वर्षाला सहा पिढ्यांपर्यंत घेता येतात, म्हणून हा काळ आता कमी होतो. पण शेतातल्या समन्वित चाचण्यांना साधारण तीन हंगाम लागतातच, ते टाळणे योग्यही नाही.

काहींनी विचारले आहे, हे जनुकीय बदल केलेले, म्हणजे जीएम बियाणे आहे का? नाही. हरभऱ्याचाच हरभऱ्याशी संकर आहे. मार्कर फक्त योग्य रोप निवडायला वापरला जातो. असे बियाणे राखून पुन्हा पेरता येते, भेसळ होऊ दिली नाही तर गुणही टिकतो.

तोवर तुमच्या शेतात काय करायचे? ही बुरशी हरभरा नसतानाही जमिनीत सहा वर्षांपर्यंत टिकते. त्यामुळे एका वर्षाच्या फेरपालटाने मर जात नाही, दाब फक्त कमी होतो. आणि तूर, मसूर, वाटाणा यांच्या मुळांवर ती कोणतेही लक्षण न दाखवता राहू शकते. म्हणजे हरभऱ्यानंतर तूर घेतली तर मरीच्या दृष्टीने ते फेरपालट मोजू नका, तृणधान्य घ्या. मर लागलेल्या शेतातले बियाणे राखू नका. उशिरा वाळलेल्या झाडांचे दाणे हलके, निस्तेज असतात आणि बुरशी बियाण्याबरोबरही जाते.

बीजप्रक्रियेत एक चूक फार होते: कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लावलेल्या बियाण्यालाच ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी चोळतात. कार्बेन्डाझिम ट्रायकोडर्माची वाढ रोखते, कारण ट्रायकोडर्माही बुरशीच आहे. दोन्हींपैकी एक वाट निवडा. एक तर प्रति किलो बियाण्यास २ ग्रॅम थायरम अधिक १ ग्रॅम कार्बेन्डाझिम, किंवा प्रति किलो ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा. जुन्या मरग्रस्त जमिनीत दुसरी वाट घेऊन, शिवाय हेक्टरी २.५ किलो ट्रायकोडर्मा ५० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून पेरणीपूर्वी ओलीत द्या. रायझोबियम हे नत्र धरणारे जिवाणू नेहमी सर्वांत शेवटी, प्रति किलो २५ ग्रॅम, आणि बियाणे सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. प्रतिकारक वाण पेरला म्हणून हे सोडू नका. जनुकावर जितका कमी भार, तितकी त्याला चुकवणारी नवी रेस वाढायला संधी कमी.

आता नमुने. रेस ओळखण्यासाठी पूर्ण वाळून कोळसा झालेले झाड उपयोगाचे नाही, त्यावर तोवर इतर बुरश्या चढलेल्या असतात. नुकतीच मान टाकलेली पाच-सहा झाडे घ्या, शक्यतो शेताच्या वेगवेगळ्या भागांतून. शेंडा काढून टाका, बुंध्यालगतचा मुळासह १०-१५ सेंटिमीटर तुकडा ठेवा. धुऊ नका, माती झटकून कागदी पाकिटात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरतो आणि दोन दिवसांत भलतीच बुरशी वाढते. प्रत्येक रोगी झाडाबरोबर शेजारचे एक निरोगी झाड वेगळ्या पाकिटात द्या. डीएनए तपासणीसाठी निरोगी व रोगी झाडांची चार-पाच कोवळी पाने पुरतात.

जनुक जागे झाले की नाही हे पाहण्यासाठी लागणारा आरएनए, म्हणजे जाग्या झालेल्या जनुकाची पेशीत निघणारी प्रत, मात्र तुम्ही पाठवू शकत नाही. मूळ कापल्यापासून काही मिनिटांतच तो बिघडू लागतो. त्यासाठी शास्त्रज्ञांनाच उणे १९६ अंशांचे द्रव नायट्रोजन घेऊन शेतात यावे लागते. ते एकाच वेळेवर, बहुधा सकाळी ठरावीक तासाला नमुना घेण्याचा आग्रह धरतील. तो मान्य करा, कारण जनुकांचे काम दिवसाच्या वेळेनुसारही बदलते आणि वेळ चुकली तर तो फरक रोगाचा समजला जातो.

पाकिटावर शिसपेन्सिलीने लिहा, शाई ओलीने पसरते. वाणाचे नाव, बियाणे कुठून आणले, पेरणीची तारीख, मान टाकलेली दिसली ती तारीख, मागच्या दोन हंगामांतली पिके, शेवटचे पाणी कधी दिले, बीजप्रक्रिया कशाची केली, आणि दहा झाडे चिरली त्यापैकी किती झाडांत रेघ निघाली, तो आकडा.