अमेरिकेतल्या खेड्यात जुनी थडगी दुरुस्त करायला शेजाऱ्यांनी बोलावलंय. जावं का? तिथे नेमकं काय करतात?

जरूर जा. मी पूर्व आयोवात राहतो आणि चार वर्षं मे ते सप्टेंबर, महिन्यातला एक शनिवार या कामाला जातो. आईला पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आजोबांच्या श्राद्धाला यायला जमत नाही आणि परक्यांची थडगी घासतोस?" यावर माझ्याकडे अजूनही उत्तर नाही.

साक लोकांचा नेता ब्लॅक हॉक अमेरिकेविरुद्ध लढला, त्या ब्लॅक हॉक युद्धानंतर, १८३३ पासून, आयोवा वसाहतीला खुलं झालं. तेव्हा आलेले ते 'पायोनियर'. (शब्द त्यांचा, जमीन साक आणि मेस्क्वाकी या मूळ रहिवासी जमातींची होती.) घरातलं माणूस गेलं की शेताच्या कडेला, टेकाडावर पुरायचे. पुढे कुटुंबं आणखी पश्चिमेला गेली, चर्च बंद पडलं आणि मक्याच्या मधोमध वीस-पंचवीस दगड उरले. आयोवाच्या कायद्यात याची व्याख्याच आहे: गेल्या ५० वर्षांत १२ किंवा त्याहून कमी दफनं झालेली जागा म्हणजे पायोनियर सेमेटरी.

आता काम. तुमचे हात शिवशिवतील, पण निम्मं काम हात आवरण्याचंच आहे. त्या काळचे बरेचसे दगड पांढऱ्या संगमरवराचे, आणि दीडशे वर्षांच्या पावसाने त्यांचा वरचा थर भुसभुशीत झालेला. माझ्या पहिल्याच दिवशी एका लहान मुलाच्या दगडावर, वर कोकरू कोरलेलं, खाली '१ वर्ष ४ महिने' इतकंच वाचता येत होतं. या दगडांवर वय दिवसांपर्यंत कोरलेलं असतं. ते दिवस वाचायचे म्हणून मी जोर लावला. तळहाताला साखरेसारखे कण लागले. गटातल्या आजीबाईंनी काही न बोलता माझ्या हातातला ब्रश काढून घेतला. ती साखर म्हणजे दगड होता. घासलेला परत येत नाही.

त्यामुळे तारेचा ब्रश, प्रेशर वॉशर, ब्लीच यातलं काहीही नाही. ब्लीचने दगड त्या दिवशी लख्ख दिसतो, पण त्यातले क्षार आत मुरतात आणि नंतर आतून पोखरतात. आधी दगड साध्या पाण्याने भिजवायचा, मऊ ब्रशने खालून वर जायचं आणि सतत ओला ठेवायचा. शेवाळ, दगडफूल असेल तर डी-टू नावाचं द्रावण फवारतो. सैनिकी दफनभूमींतही तेच वापरतात. दगड काही दिवस नारिंगी पडतो, घाबरू नका. खरा पांढरा रंग पुढच्या काही महिन्यांत पावसानेच येतो. अक्षरं वाचायला पीठ किंवा शेव्हिंग क्रीम फासू नका. आरसा धरून ऊन तिरपं पाडलं की पुसट अक्षरंही उठून दिसतात. त्या बाळाचे दिवस असेच सापडले: ९.

कललेला दगड सरळ करणं वेगळंच. दोन फूट रुंद, चार फूट उंच, दोन इंच जाड पाटी म्हणजे शंभर किलोच्या आसपास, आणि जवळजवळ तिसरा भाग जमिनीत. ती अनुभवी माणसांवर सोडा. खालच्या खड्ड्यात वाळू-खडी भरून बसवतात. पूर्वीच्या उत्साही लोकांनी सिमेंटमध्ये गाडलेल्या पाट्या आम्हाला सगळ्यात जास्त छळतात. सिमेंट दगडापेक्षा कडक, म्हणून तुटतो तो दगड, नेमका जमिनीलगत.

गवताबद्दलही आधी विचारा. इथला मूळ प्रेअरी, म्हणजे उंच गवताचं रान, नांगराखाली गेला. तो अशा दफनभूमींत थोडाफार वाचला, कारण तिथे नांगर फिरलाच नाही. सीडर काउंटीतल्या रॉचेस्टर सेमेटरीत साधारण तेरा एकरांत शेकडो प्रकारच्या वनस्पती आहेत, आणि ते गवत कापावं की राखावं यावरून लोकांत चांगलीच जुंपलेली आहे. मी राखणाऱ्यांच्या बाजूचा, पण आजी-आजोबांचं थडगं तणात दिसलं तर कुणाला कसं वाटेल तेही कळतं.

परवानगी गटाने घेतली आहे ना, एवढं मात्र विचारून घ्या. ही जबाबदारी बहुधा टाउनशिपच्या (काउंटीतल्या छोट्या स्थानिक विभागाच्या) ट्रस्टींची, आणि वाट बऱ्याचदा कुणाच्या तरी शेतातून जाते.

पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, पँट मोज्यात खोचा. गोचीड भरपूर असतात. अंगाला लागली की खाज-पुरळ उठवणाऱ्या पॉयझन आयव्हीची तीन पानं आदल्या रात्री फोटोत बघून ठेवा. आणि पाणी न्या, कॅन भरभरून, कारण तिथे नळ नसतो. मी पहिल्या खेपेला दोन बाटल्या नेल्या होत्या, प्यायला.