जायरो-टीडब्ल्यूटीच्या वेव्हगाइडला आतून मुद्दाम लॉसी थर का देतात? त्यात पॉवर वाया जात नाही का?

अगदी हेच वाक्य आमच्या सरांनी मला ऐकवलं होतं, फक्त त्यांना उत्तर नको होतं. तुम्हाला हवंय म्हणून सांगतो. जायरो-टीडब्ल्यूटी म्हणजे चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या बीमने मायक्रोवेव्ह सिग्नल मोठा करणारी ट्यूब, वेव्हगाइड म्हणजे वेव्ह ज्यातून जाते ती धातूची नळी, आणि लॉसी थर म्हणजे वेव्ह शोषणारा थर. लॉस काढलात तर तो अ‍ॅम्प्लिफायर राहतच नाही, भोंगा होतो, म्हणजे इनपुट न देताही आपोआप वाजणारा ऑसिलेटर.

आमची ट्यूब का-बँडची, ३५ गिगाहर्ट्झच्या आसपास. आतून स्वच्छ पॉलिश केलेलं तांबं, थर वगैरे काही नाही. पहिल्यांदा पूर्ण व्होल्टेजला पल्स दिला आणि डिटेक्टरवर असा झकास सपाट पल्स आला की कोणीतरी पेढे आणायला निघालं पण. मला उगाच शंका आली म्हणून मी ड्राइव्हची, म्हणजे इनपुट सिग्नलची, केबल काढली. पल्स तिथेच! सर म्हणाले कुठूनतरी लीक होत असेल, मग ड्रायव्हरच बंद केला, तरी पल्स हलेना, आणि फ्रिक्वेन्सी बघितली तर आम्ही देत होतो ती नव्हतीच. बीम करंट कमी केल्यावर थांबलं, पण मग गेनही (सिग्नल किती पट वाढतो तो आकडा) गेला. पेढे मात्र खाल्ले सगळ्यांनी.

कारण सरळ आहे. बीम पुढे जाणाऱ्या वेव्हला जसा एनर्जी देतो तसाच उलट येणाऱ्या वेव्हलाही कुठल्यातरी फ्रिक्वेन्सीला देतो, शिवाय कटऑफजवळ (ज्या फ्रिक्वेन्सीखाली वेव्ह नळीतून जातच नाही तिथे) करंट एका मर्यादेपलीकडे गेला की तिथेच बोंब सुरू. भिंतीत लॉस असला की उलट येणारी वेव्ह वाटेतच मरते. पुढे जाणारीलाही तो लॉस लागतो, पण तिला बीम सतत भरून देत असतो, आणि सुरुवातीला सिग्नल इतका बारीक असतो की तिथे जळून जळून जळणार किती? खरी पॉवर शेवटच्या तुकड्यात निघते, तो तुकडा साधा तांब्याचा ठेवायचा. तैवानमध्ये चू यांच्या ग्रुपने १९९८ ला हेच केलं, आतून ग्राफाइटचा थर, आणि ३५ गिगाहर्ट्झला ९३ किलोवॅट, गेन ७० डीबी, एफिशियन्सी २६.५ टक्के. वाया गेली म्हणे पॉवर!

तो पेपर मी सरांच्या टेबलावर ठेवला होता. "आपण पॉवर काढायला बसलोय का जाळायला?" एवढं बोलून तो त्यांनी परत माझ्याकडे सरकवला. रिपोर्टमध्ये पीक पॉवर छापून आली, ड्राइव्ह बंद असताना काय होतं त्यावर एक ओळ नाही.

किती डीबी लॉस द्यायचा हे तुमचा मोड (नळीत वेव्हचं फील्ड कसं पसरलंय ते) आणि करंट न बघता कोणी सांगत असेल तर ऐकू नका, मी पण सांगणार नाही. आणि हो, सरासरी पॉवर जास्त असेल तर ग्राफाइट तापतं, तिथे लॉसी सिरॅमिकच्या रिंगा घालतात. प्लाझ्मा तापवायला नुसता जायरोट्रॉन हवा असेल तर हा सगळा वादच नाही, तो ऑसिलेटरच आहे, त्याने वाजायलाच पाहिजे. आम्ही मात्र प्रपोजलमध्ये अ‍ॅम्प्लिफायर लिहिलं होतं.

तुम्ही एक करा, गेनचा आकडा सांगायच्या आधी ड्राइव्ह बंद करून पूर्ण करंटला ट्रेस घ्या आणि तो रिपोर्टच्या पहिल्या पानावर लावा, तुमचे सर काही का म्हणेनात. आमच्या त्या दिवसाच्या ट्रेसचा फोटो माझ्याकडे अजून आहे, तारखेसकट.