एकेकाळी राष्ट्रीय विजेता असलेला कॉलेजचा हॉकी संघ वर्षानुवर्षं हरत असेल, तर त्याचे चाहते टिकतात कसे?

कुरकुर करत टिकतात. पण सोडून जात नाहीत.

मी अमेरिकेत मिशिगन टेक विद्यापीठात एमएस करायला गेलो तेव्हा तिथला आइस हॉकीचा संघ पार तळाला होता. 2010-11 च्या अख्ख्या मोसमात फक्त 4 विजय. आणि हाच संघ 1962, 1965 आणि 1975 मध्ये राष्ट्रीय विजेता होता! तिन्ही वेळा कोच जॉन मॅकिनेस. रिंकलाही त्यांचंच नाव, म्हणजे हरायचं ते त्यांच्याच छताखाली.

मॅकिनेस 1982 मध्ये निवृत्त झाले. त्याआधी 1981 मध्ये संघ राष्ट्रीय स्पर्धेत खेळला होता, त्यानंतर पुन्हा खेळला तो थेट 2015 मध्ये. टेक जिथे आहे ते होटन हे तांब्याच्या खाणींवर वाढलेलं छोटंसं गाव, हिवाळ्यात माणसाच्या उंचीचा बर्फ. आणि 2013 पर्यंत लीगमध्ये समोर कोण असायचं, तर मिनेसोटा, विस्कॉन्सिन, नॉर्थ डकोटा अशी बडी विद्यापीठं. चांगल्या खेळाडूने ते सोडून इथे का यावं, याचं उत्तर दरवर्षी नव्याने शोधावं लागायचं.

सगळ्यात जास्त त्रास जुन्या लोकांना होतो. पुढे व्यावसायिक हॉकीत नावाजलेला गोलरक्षक टोनी एस्पोझिटो, त्याला टेकच्या गोलमध्ये उभं राहिलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना आजचा कुठलाच गोली पसंत पडत नाही. आम्हा विद्यार्थ्यांचं तसं नव्हतं. 1975 आमच्यासाठी छताला टांगलेला एक बॅनर होता, बाकी काही नाही. आम्ही जायचो ते पट्ट्यापट्ट्यांचे ओव्हरऑल घातलेल्या, संघाला चेतवणाऱ्या पेप बँडसाठी. मध्यंतरात बँड एक जुना वॉल्ट्झ वाजवतो आणि अख्खा स्टँड हातात हात अडकवून डुलतो, स्कोअर 0-5 असला तरी. शेजारच्या अनोळखी आजोबांनी माझा दंड धरून मला डुलायला लावलं होतं. जत्रेला माणूस काही फक्त कुस्तीचा निकाल बघायला जात नाही, तसंच ते.

तुमचा संघ आत्ता घसरत असेल तर एक करा: विजेतेपद विसरा, छोटी लक्ष्यं धरा. आमच्यासाठी मार्केट नावाच्या गावातल्या नॉर्दर्न मिशिगन विद्यापीठाला हरवणं म्हणजे दिवाळी. टेकच्या हिवाळी उत्सवातली, विंटर कार्निव्हलची मॅच जिंकली की महिनाभर पुरायचं. 2012 मध्ये डेट्रॉइटला ग्रेट लेक्स इन्व्हिटेशनल जिंकलो, तेही बड्या मिशिगन विद्यापीठाला हरवून. ही स्पर्धा 1980 नंतर पहिल्यांदाच हाती लागली होती. तोवर मी नोकरीसाठी तिकडेच आलो होतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मिशिगनवाल्यांना मी मुद्दाम जाऊन जाऊन गुड मॉर्निंग केलं.

2015 मध्ये अखेर राष्ट्रीय स्पर्धेत पोचलो आणि पहिल्याच फेरीत सेंट क्लाउड स्टेटकडून ओव्हरटाइममध्ये हरलो. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस नुसती भांडणं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मनापासून चिडावं असा पराभव वाट्याला आला होता.