अव्यवस्थित पदार्थात अडकलेला इलेक्ट्रॉन स्पिनमुळे मोकळा कसा होतो?

आपला प्रश्न असा आहे की, अव्यवस्थित (अणूंची रचना अनियमित असलेल्या) द्विमितीय पदार्थात प्रत्येक इलेक्ट्रॉन स्थानबद्ध होतो, म्हणजे एका जागी अडकून पडतो, मग केवळ स्पिन (इलेक्ट्रॉनचा अंगभूत कोनीय संवेग) विचारात घेतल्याने तो मोकळा कसा होतो. वडोदऱ्यात एम.एस्सी.च्या वर्गात हा विषय शिकवताना मी सूत्रांआधी फळ्यावर इथल्या सूरसागर तलावाचे चित्र काढतो.

अव्यवस्थेमुळे इलेक्ट्रॉनचा तरंग स्थानबद्ध होऊ शकतो, हे फिलिप अँडरसन यांनी १९५८ साली दाखवले. दोन मितींत त्यासाठी थोडीशी अव्यवस्थाही पुरते, असे १९७९ साली ज्या चौघांनी मांडले, त्यांत आपले टी. व्ही. रामकृष्णनही होते. कारण असे: तलावाला एकाने उजवी आणि दुसऱ्याने डावी घालून फेरी मारली, तर दोघांची चाल सारखीच भरते. इलेक्ट्रॉनचा तरंग दोन्हीकडून एकदमच जातो, त्याचे दोन्ही भाग निघाल्या जागी एकाच कलेत (शिखरावर शिखर येऊन) भेटतात, आणि तिथेच परतण्याची शक्यता दुप्पट होते, म्हणून तो अडकतो.

आता जड अणूंजवळून जाताना स्पिन-ऑर्बिट कपलिंगमुळे (स्पिन आणि इलेक्ट्रॉनची गती यांच्यातल्या जोडणीमुळे) स्पिन वळत जातो. एका फेरीत तो जितका वळतो, तितकाच उलट फेरीत उलटा वळतो, म्हणून दोघांतले अंतर दुप्पट वळणाचे पडते. इथे इलेक्ट्रॉनच्या स्पिनचा, म्हणजे स्पिन-½ चा, मूळ स्वभाव आडवा येतो: ३६० अंशांनी त्याचे चिन्ह बदलते, ७२० अंशांनी तो मूळपदावर येतो. घरी तळहातावर पाण्याची वाटी घेऊन, पाणी न सांडता ती काखेखालून एक फेरा फिरवून पाहा. वाटी जशीच्या तशी असते, पण हाताला पीळ पडतो. त्याच दिशेने दुसरा फेरा डोक्यावरून घेतला की पीळ सुटतो. कपलिंग प्रबळ असताना सर्व वळणांची सरासरी काढली, तर व्यतिकरणाचे (दोन तरंगभाग एकमेकांत मिसळण्याचे) पद +१ ऐवजी −½ येते, आणि परतण्याची शक्यता दुपटीवरून व्यतिकरण नसतानाच्या निम्म्यावर उतरते, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा होतो. मला हा निकाल आजही विलक्षण सुंदर वाटतो.

चुंबकीय क्षेत्र हे व्यतिकरण मोडते, म्हणून त्यातून त्याचे चिन्ह ओळखता येते. भौतिकशास्त्रज्ञ गेर्ड बर्गमन यांनी मॅग्नेशियमच्या पातळ थरावर एका अणुथराहूनही कितीतरी कमी सोने बसवले, तेव्हा क्षीण चुंबकीय क्षेत्रात कमी होणारा रोध उलट वाढू लागला. म्हणूनच अशा द्विमितीय पदार्थात वाहक आणि विसंवाहक अवस्थांमधले खरे संक्रमण संभवते, मात्र अव्यवस्था फार वाढली की इलेक्ट्रॉन पुन्हा अडकतोच.

एक गल्लत टाळावी. लोहासारख्या चुंबकीय अशुद्धीही स्पिन उलटवतात, पण त्या काल-उत्क्रमाची सममिती (काळ उलटा फिरवला तरी नियम तेच राहणे) मोडतात. तिथे व्यतिकरणाचे चिन्ह बदलत नाही, व्यतिकरणच विझते.